चूक सांगा, मग पुढे चला

दोन हजार चोवीस साल, आणि मला एकाहत्तरावं लागलेलं. दिवाळी होऊन हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती. शनिवारी सकाळी मी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, फाटलेलं जाळं शिवत बसलो होतो. माझी बायको गिरजा खालच्या पायवाटेनं वर आली. रोज ती चहाची बाटली घेऊन येते, आज हात रिकामे होते. म्हणाली, "रामटेके बाई गेल्या. पहाटे. झोपेतच." मी म्हटलं, "खोटं. काल सायंकाळी आपल्या दारात उभ्या होत्या." जसं काही काल दारात उभं राहिलेलं माणूस आज मरूच शकत नाही. गिरजा माझ्या बाजूला बसली. तिनं वाद घातला नाही तेव्हा मला खरं वाटलं.

त्या शुक्रवारी बाई आल्या होत्या त्या एकच गोष्ट सांगायला. खोकला होता, डोक्याला मफलर गुंडाळला होता. म्हणाल्या, "भाऊ, परवाची फेरी तुम्ही न्या. मी वडाखाली बसून ऐकते." मी म्हटलं, "मी नाई नेत." "काऊन?" "काऊन म्हणजे? पुढं चालणाऱ्यानं आधी आपली चूक सांगा लागते. माझी चूकच नाई, तं सांगू काय?" बाई हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि फाटकापर्यंत जाऊन वळल्या. "मग एखादी बारीकशी करून ठेवा, भाऊ. रविवारले अजून दोन दिवस आहेत!"

हेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. आणि माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं म्हणजे नाही... ते टोचतं, म्हणून हे लिहायला बसलो. मी तिसरी शिकलेला माणूस. बाईंच्या मुलानं काना-मात्रा तेवढ्या पाहून दिल्या, बाकी सगळं माझं आहे.

आमचं गाव नागभीडपासून जवळ. गावापेक्षा तलाव मोठा. माजी मालगुजारी तलाव असं त्याचं कागदावरचं लांब नाव, लोकांनी ते आखडून मामा तलाव केलं. मी जातीचा ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारा. बापानं मला पोहायला शिकवलं नाही, पाण्यात टाकलं. त्या तलावाचा कोणता कोपरा कोणत्या महिन्यात काय देतो ते मला झोपेतही सांगता येतं. अशा माणसाच्या तलावावर सहा वर्षांपूर्वी एक रिटायर शाळाबाई छत्री आणि वही घेऊन आली. जन्म कुरखेड्याकडच्या शाळांत गेलेला, सासरच्या गावी परत आलेल्या, आणि पाण्याला इतक्या भिणाऱ्या की काठापासून दहा हात लांब उभ्या. तिथूनच ओरडून विचारलं, "भाऊ, तो काळा पक्षी, त्याले काय म्हणता तुम्ही?" मी म्हटलं, "पक्षी म्हणतो." त्यांनी वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं! पुढं काही वर्षांनी मी ती वही पाहिली, पहिल्या पानावर पहिलंच नाव, 'पक्षी'. समोर कंसात, 'माहिती देणारे रागावलेले होते.'

महिनाभरात त्यांनी गावातल्या बाया जमवल्या. मग धान कांडायच्या मिलवाला डोमा आला, मग त्याची बायको तो खरंच कुठे जातो ते पाहायला आली. दर रविवारी सकाळी सात वाजता वडाखाली जमायचं आणि तलावाच्या काठानं फिरायचं. नाव पडलं काठफेरी. मला हसू आलं. ज्या काठावर ह्या बाया जन्मभर धुणं धुतात, गुरं पाजतात, तो काठ ह्यांना शिकवायचा? मी डोमाला विचारलं, "काय पाहून राह्यले रे तुमी? पाणी कधी पाह्यलं नाई काय?" तो म्हणाला, "पाह्यलं भाऊ, पण थांबून नाई पाह्यलं."

म्हणून मग मीही जाऊ लागलो. फेरीत नाही, फेरीच्या मागं वीस पावलांवर, खांद्यावर जाळं टाकून, आपल्या कामाला निघालो असं दाखवत. बाई काही सांगायच्या आणि चुकलं की मी मागून ओरडायचो. "ते अंडे बेडकाचे नाईत, गोगलगायीचे आहेत!" बाई न वळता म्हणायच्या, "लिहून घ्या गं, गोगलगायीचे." सगळे लिहून घ्यायचे. एकदा खंड्या पक्षी वाळक्या फांदीवर बसला होता, सूर मारून मासोळी घेऊन वर आला. बाई म्हणाल्या, पुस्तकात ह्याला धीवर असंही नाव आहे. मी त्या दिवशी काही ओरडलो नाही. घरी जाऊन गिरजाला तीनदा सांगितलं.

मजा तर होतीच. सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं आणि किती आवाज ऐकू आले ते बोटांवर मोजायचं. डोमाची बायको नेहमी जिंकायची, नवऱ्याचं घोरणंसुद्धा मोजायची. पाण्यातले शिंगाडे काढून तिथंच खायचे. कोणत्या पाल्यानं खरूज जाते, कोणत्या मुळीनं बाळंतिणीला दूध येतं, हे म्हाताऱ्या बाया सांगायच्या आणि बाई शाळेतल्या पोरीसारख्या मान खाली घालून लिहायच्या. चौथ्या की पाचव्या फेरीला त्या घोटाभर पाण्यात उतरल्या. दोन्ही बाजूंनी दोन बायांचे हात घट्ट धरून, डोळे मिटून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जाळं खाली ठेवून.

आणि ती रीत. जो फेरी नेईल त्यानं आधी उभं राहून तलावाबद्दल आपली एक चूक सांगायची, मगच पहिलं पाऊल टाकायचं. बाईंनीच काढलेली. म्हणायच्या, शाळेत तीस वर्षं मी पोरांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या, आता माझी पाळी. एका रविवारी त्यांनी सगळ्यांना वीस मिनिटं गप्प बसवून एक पाणकोंबडी दाखवली होती. हलत नाही, घरट्यावर बसली असेल, आवाज करू नका. मी मागून म्हटलं, "बाई, ते डोमाच्या पोट्टीची वाहून गेलेली चप्पल होय." पुढच्या रविवारी त्यांनी हीच चूक सांगितली, चपलेच्या रंगासकट. लोक पोट धरून हसले आणि त्यानंतर बिनधास्त आपापल्या चुका सांगू लागले. कोणी मुंगसाला मांजर समजलं होतं, कोणी तलावात युरियाचं पोतं धुतलं होतं. मला कोणी म्हटलं की भाऊ तुम्ही न्या, की मी म्हणायचो, मी मागंच बरा.

आता खरी गोष्ट सांगतो. तलावाच्या उगवतीच्या कोपऱ्यात पाण्याखाली पूर्वी गाद आणि चिला अशी हिरवी वनस्पती दाट वाढायची. त्यात मरळ अंडी घालायची, बारीक दाडक मासोळी लपायची, अडई बदकं थव्यानं उतरायची. बाई आल्या तेव्हा तो कोपरा उघडा पडला होता. नुसतं पाणी, खाली नुसता चिखल. बाईंनी फेरीत विचारलं, कुठं गेली ही? मी मागून म्हटलं, "फवारणीनं गेली. शेतकऱ्याईचं औषध वाहून येते ना." बाई म्हणाल्या, लिहून घ्या गं, फवारणीनं. मग बाईंनी बायांना घेऊन दुसऱ्या तलावातून रोपं आणली. आषाढात कंबरभर चिखलात उभं राहून पंचवीस बायांनी ती लावली. बाई काठावरून छत्री हलवून ओळी सरळ करून घेत होत्या. दिवाळीपर्यंत एक काडी उरली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली, पुन्हा गेली. त्या रविवारी बाई वडाखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी लावणी चुकली. पंचवीस जणींची मेहनत माझ्यामुळे वाया गेली." मी वीस पावलांवर उभा होतो. मला माहीत होतं की लावणी चुकली नव्हती.

मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष मी. बाई गावात यायच्या आधी सोसायटीच्या बैठकीत मी गवत्या माशाचं बीज टाकायचं ठरवलं होतं. गवत खातो, भराभर वजन धरतो, खाद्य द्यायला नको. दोघातिघांनी म्हटलं होतं की भाऊ, आपल्या गाद-चिल्याचं काय होईल? मी म्हटलं होतं, "मले शिकवता का रे तलाव?" आणि गप्प बसवलं होतं. तो मासा किती खातो ते मी दोन वर्षांत डोळ्यांनी पाहिलं. उगवतीचा कोपरा त्यानं चाटून पुसून साफ केला. पण मी ओरडून नाव घेतलं फवारणीचं. एकदा तोंडातून निघालं, मग ते धरून बसलो. बाईंनी माझी चूक आपल्या नावावर सांगितली तरी बसलोच.

त्यानंतरच्या दोन वर्षांत बाईंनी तिसरी लावणी केली नाही. म्हणाल्या, आधी कारण कळू दे. आणि तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मला म्हणू लागल्या, भाऊ, एक फेरी तुम्ही न्या.

शनिवारी दुपारी त्यांना नेलं. गाव लोटलं होतं, आलापल्लीहून, नागभीडहून त्यांचे जुने विद्यार्थी आले होते, पोटं सुटलेले, केस पिकलेले. परत येताना वडाखाली सगळे थोडे टेकले. डोमा म्हणाला, "उद्याची फेरी राहू द्या आता. सुतक असन." बाईंचा मुलगा मिलिंद म्हणाला, "आमच्यात सुतक नसते, काका. पण नेणार कोण?" मी उठून उभा राहिलो आणि धोतर झटकलं. "फेरी होईल. मी नेतो." गिरजा माझ्याकडे अशी पाहू लागली की मला वाटलं ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावते की काय.

रविवारी सकाळी पाचला उठलो. मोठ्या छिद्रांचं जाळं उगवतीच्या कोपऱ्यात आडवं लावलं आणि त्याच्या आत कोवळ्या हिरव्या गवताच्या चार पेंढ्या पाण्यावर सोडल्या. सात वाजता वडाखाली साठ एक माणसं. एवढी फेरीला कधी नव्हती. मी उभा राहिलो. मला पाण्यात कधी भीती वाटली नाही, तिथं वाटली. मग बोललो. "गाद फवारणीनं नाई गेली. गवत्या माशानं खाल्ली. ते बीज मी टाकलं. दोघंतिघं नको म्हणत होते, त्याईले मी गप्प बसवलं. बाईची लावणी बरोबर होती. पंचवीस जणी चिखलात उभ्या होत्या तवा मी काठावर बिडी ओढत होतो, आन् मले माहीत होतं."

मग मी सगळ्यांना कोपऱ्यावर नेलं, पाण्यात उतरलो आणि जाळं ओढलं. एक सापडला, पाच किलोच्या वरचा, पाणी उडवत. काठावर आणून सुरीनं त्याचं पोट उघडलं. आत नुसता हिरवा लगदा, चघळलेलं गवत, एका आतड्यात दोन ओंजळी. म्हटलं, "हे पाहा. गाद इथं जाते." बाया वाकून पाहू लागल्या. डोमाची बायको म्हणाली, "अगो माय! आपली दोन वर्साची लावणी ह्याच्या पोटात?" आणि कोण आधी हसलं माहीत नाही, पण सगळे हसले. मिलिंदही हसला, डोळे पुसत.

गिरजा मात्र हसली नाही. माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाईले माहीत होतं. मीच सांगतलं, दुसरी लावणी गेली तवा." मी म्हटलं, "आन् मले नाई सांगतलं?" "बाईच म्हणाल्या, राहू द्या गिरजाबाई, त्यायच्याच तोंडून येऊ द्या. थांबू आपण. माणूस तलावाचा आहे, सांगन." दोन वर्षं... दोन वर्षं त्या बाईनं रविवारी रविवारी माझ्याकडे वळून पाहिलं होतं, आणि मला वाटायचं, मोठी हट्टी बाई आहे.

मासा डोमाच्या हातात दिला, सगळ्यांसाठी शिजवायला सांगितला, बाईंना मासोळी फार आवडायची म्हणून. "एकानं काय होते, भाऊ?" डोमा म्हणाला, "तलावात तं शेकड्यानं असतील." मी म्हटलं, "म्हणून तं." आणि हातातलं जाळं झटकून पुन्हा छातीभर पाण्यात गेलो. सोसायटीचे तिघं धोतर खोचून माझ्या मागून उतरले. त्यातला एक तोच, ज्याला मी बैठकीत गप्प बसवलं होतं. काठावरून बाया ओरडत होत्या, "डावीकडं भाऊ, डावीकडं!" डावीकडे काहीच नव्हतं, पण मी गेलो.