अ‍ॅग्नेलने जागा ठेवलेला फोन

कसालला बसची वाट बघत होते, तेव्हा अ‍ॅग्नेलच्या आईचा, रोझीमावशींचा फोन आला. "अ‍ॅग्नेल गेलो गो..." सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आलेली बस तशीच निघून गेली. काही आठवडे झाले, पण अजून फोन वाजला की आधी नाव बघते, मग उचलते.

माझा हा मित्र पुण्याची नोकरी सोडून मालवणला परतला आणि आम्ही दोघांनी मच्छीमारांसाठी अ‍ॅप केलं. होडी कुठे आहे ते घरच्यांना नकाशावर दिसावं, इतकं साधं. पेच होता तो होडीचं ठिकाण पाठवत राहण्याच्या, पडद्यामागे चालणाऱ्या कामाचा. अ‍ॅपच्या साध्या थ्रेडवर, म्हणजे अ‍ॅपच्याच जिवावर ठेवलं, तर अ‍ॅप बंद होताच ते मरतं. मग ते फोनच्या सवडीवर सोडायचं, की सतत जागं ठेवायचं? आधी आम्ही सवडीवर सोडलं. पण आमचे लोक खाडीबाहेर पडताच फोन बॅटरी बचतीवर टाकतात, घरी बोलायला चार्जिंग उरावं म्हणून. तसा टाकला की फोन आमचं काम निजवून टाकतो! एका संध्याकाळी बाबांची होडी नकाशावर खडकांपाशी थिजली. मी रडून घर डोक्यावर घेतलं, आणि बाबा बंदरावर मासळीच्या लिलावात दरावरून भांडत होते. मला हसू फुटलं. अ‍ॅग्नेल मात्र पांढराफटक पडला होता. होडी खरंच अडकली असती तरी आपल्याला असंच दिसलं असतं, म्हणाला.

त्याने दुसरा मार्ग धरला. होडी बाहेर असेतो काम अखंड चालू, स्क्रीनवर तशी पट्टी. अ‍ॅप बॅटरी खातं म्हणून सगळे त्याच्यावर उखडले, बाबा सर्वांत जास्त. तो हटला नाही. "बॅटरी संपली तर माणसाक कळता गो. काम निजला तर कोणाक कळाचा नाय."

आता लोक मला म्हणतात, पहिल्यासारखं कर. त्यांचंही खोटं नाही... ऐन वेळी फोनच बंद पडला तर? भांडायला तो होता तेव्हा मी निर्धास्त होते. आता चुकलं तर माझं चुकेल, याची धास्ती वाटते. तरी मी काही बदललेलं नाही. त्याच्याच खोलीत बसून नकाशा बघते.

सगळ्या होड्या किनाऱ्याला लागल्याशिवाय अ‍ॅग्नेल जेवत नसे. रोझीमावशी अजून संध्याकाळी दारात येऊन विचारतात, "सगळे इले?"

काल बाबांची होडी मागे राहिली होती. "नाय मावशी, बाबा अजून वाटेर आसत."

त्यांनी वाढायला घेतलेल्या भातावर पुन्हा झाकण ठेवलं आणि त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.