पोर्चमधल्या चपला

मांजर आडवं गेलं तर मी त्याला आधी जाऊ देणारी बाई. श्रद्धा-अंधश्रद्धेशी माझा संबंध एवढाच. अशा सदरांतले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचले आणि "काहीही हं" म्हणून पान उलटलं. आता स्वतःच लिहायला बसलेय... तुम्हीही तसंच म्हणालात तर मला राग येणार नाही.

मी ड्राफ्ट्समन आहे. ऑफिस दुबईत देराला, घर शारजात रोल्लाला, चौथ्या मजल्यावर. नवरा अल ऐनला साइटवर असतो, वीकेंडला येतो. घरात मी, अकरा वर्षांची ईरा आणि माझे बाबा. आई गेल्यावर मिरजेच्या घरात ते एकटे नकोत म्हणून मी त्यांना हट्टाने इकडे आणलं होतं. लहानपणीच्या आजारामुळे त्यांचा डावा पाय जरा आखूड. त्यामुळे डाव्या चपलेला ते मिरजेहून जाड तळ लावून आणायचे. दाराबाहेर चपला काढल्या की वाकून त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवायचे. निघताना वळायला नको म्हणून. या सवयीवरून आम्ही त्यांना खूप चिडवायचो.

आमच्याकडे इंग्लंडमधल्या जुन्या इमारतींचे लेझर स्कॅन येतात. कोट्यवधी ठिपके, आणि त्यांतून अख्खी इमारत स्क्रीनवर उभी राहते. त्यावरून आम्ही मोजमापांसकट ड्रॉइंग काढायचं. त्याआधी सफाई करायची. स्कॅनच्या वेळी मध्ये आलेलं माणूस, पक्षी, कुणाची विसरलेली छत्री, हे सगळं डिलीट. ऑफिसात त्याला नॉइज म्हणतात.

एप्रिलमध्ये एका खेड्यातलं चर्च आलं. सातशे वर्षांचं. बुटका चौकोनी मनोरा, भोवती कललेल्या कबरी, पलीकडे मेंढ्यांचं कुरण, आणि यू जातीचं एक भलंमोठं झाड, चर्चहूनही जुनं म्हणे. मुख्य दारापुढे छोटंसं दगडी पोर्च होतं. दाराच्या उंबऱ्याचा दगड मधोमध झिजून पार खोलगट झालेला.

मी घरून काम करत असले की बाबा खुर्ची ओढून शेजारी बसायचे. चर्चला ते "तुझं देऊळ" म्हणायचे. एकदा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "इथे चपला कुठे काढायच्या गं?"

"तिथे नाही काढत, बाबा. बुटांसकट आत जातात."

"जाऊ देत त्यांना. मी काढीन. उंबरा बघ केवढा झिजलाय, किती माणसं गेली असतील." मग थांबून म्हणाले, "एकदा जाऊन बसावंसं वाटतं. आत गार असेल."

डेडलाइन डोक्यावर होती. मी म्हटलं, "बाबा, जरा काम करू द्या ना." ते उठले आणि खुर्ची जागेवर ठेवून गेले.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, ऑफिसात मी तीच फाइल उघडली. तीन आठवडे मी त्या पोर्चमध्ये काम करत होते, तिथली एकेक फरशी मला पाठ होती. आणि दाराशी, भिंतीलगत, चपलांचा जोड होता. अंगठ्याच्या चपला, तोंडं बाहेर.

आधी मला हसू आलं. मग सवयीने मी माप घेतलं आणि वहीत लिहिलं. डावा तळ ४६ मिलिमीटर. उजवा २१.

मी घरी फोन केला. ईरा नुकतीच शाळेतून आली होती. आजोबा काय करतायत विचारलं, तर म्हणाली, "स्लीपिंग." मी तिला दाराबाहेर बघायला लावलं. बाबांच्या चपला होत्या का? "येस मम्मा, दे आर हिअर. व्हाय?" मी काही नाही म्हणून फोन ठेवला. जीव जरा भांड्यात पडला.

शेजारच्या टेबलावर शाजी बसतो, केरळचा, बारा वर्षांपासूनचा सहकारी. त्याला बोलावून दाखवलं. त्यानेही नीट पाहिलं. म्हणाला, "किसी का रह गया होगा. नॉइज है, उडा दो. चार बजे फाइल देनी है, यल्ला, जल्दी करो."

मी सिलेक्ट केल्या, डिलीट केल्या, फाइल सेव्ह केली. चार वाजायला दहा मिनिटं होती.

चार वाजून पाच मिनिटांनी ईराचा फोन आला. रडत होती. "मम्मा, आजोबा इज गॉन. ही वोक अप अँड हिज चप्पल्स वेअर नॉट देअर. ही सेड, कुणीतरी माझ्या चपला काढून टाकल्या. मग ते शोधायला खाली गेले."

मे महिना होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि बाबा अनवाणी.

टॅक्सीत मी काय काय कबूल केलं देवाला ते इथे लिहीत नाही. घरी पोचले तोवर आमचा वॉचमन आणि खालचे दुकानदार शोधत सुटले होते. नवरा अल ऐनहून थेट पोलिसांकडे आला. पोलीस फार चांगले वागले, सगळे कॅमेरे तपासले. आमच्या लॉबीच्या कॅमेऱ्यात बाबा दिसतात. अनवाणी, मान खाली, जमिनीवर काहीतरी शोधत काचेच्या दारातून बाहेर पडतात. त्या दारावर बाहेरून दुसरा कॅमेरा आहे. त्यात ते दिसत नाहीत.

या गोष्टीला सात महिने झाले. हॉस्पिटलं झाली, शवागारंसुद्धा झाली. नवरा म्हणतो, उन्हात कुठेतरी भोवळ आली असेल, कॅमेरा बिघडला असेल. असेलही. पण मग चपलांचं काय? त्याही परत मिळाल्या नाहीत.

मूळ स्कॅन मी दहादा उघडलाय. पोर्च रिकामं आहे. तो स्कॅन घेणाऱ्या इंग्लंडच्या सर्व्हेअर बाईंनी माझ्यासाठी तिथे स्वतः जाऊन फोटो पाठवले. पोर्च स्वच्छ, दाराला कुलूप. त्यांच्या मते तिथे कधीच काही नव्हतं. माझ्याकडे पुरावा म्हणजे वहीतले दोन आकडे. शाजीने पाहिलं होतं, पण तो विषय काढला की उठून जातो.

चपला बाहेर असल्या म्हणजे माणूस आत आहे, एवढं आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला ते त्या दुपारी कळलं नाही. बाबांना खरंच तिथे जाऊन बसायचं होतं का, ते तिथे गेले का, की हे सगळं माझ्या अपराधी मनाचे खेळ आहेत, मला सांगता येत नाही.

ते काम कधीच संपलं. पण माझ्या कॉपीत मी एक गोष्ट केलीय. ज्या काढून टाकल्या होत्या, त्याच चपला मी पुन्हा काढल्यात. दाराशी, भिंतीलगत, डावा तळ ४६, उजवा २१, तोंडं बाहेर.

रोज सकाळी ऑफिसात गेले की आधी ती फाइल उघडते. अजून तरी त्या कुणी घातलेल्या नाहीत.