मी भरलेली बाटली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ दे, कारणबिरण काही नाही.

सन दोन हजारच्या आसपास मुळशीतल्या डोंगरावरच्या एका वाडीत मी एकटाच शिक्षक होतो. भूगावहून रोज मोटरसायकलनं जायचो. शाळेसमोर नवा हापसा बसला, बायकांची झऱ्यापर्यंतची चढउतार वाचली. नारळ मीच फोडला. पण प्यायचं पाणी मी घरूनच न्यायचो. हापशाच्या पाण्यानं वाडीतली भांडी काळी पडत होती — मला दिसत नव्हतं का?

एक दिवस ग्रामपंचायतीतून बाटली आली. तपासणीसाठी पाणी भरून द्या म्हणे. मी हापसून भरलं, तर तळाशी काळी कणी. आता आम्हा मास्तरांची खोड सांगतो — साहेब तपासणीला आले की सगळ्यात सुबक वही पुढे करायची, कच्ची पोरं मागे बसवायची. मी तेच केलं. हापशाचं पाणी ओतून दिलं, बाटली विसळली आणि घरून आणलेल्या पाण्यानं भरली. घाण बाटली पाठवायची लाज वाटली — इतकंच! कागद आला: पिण्यास योग्य. मी तो वर्गात चिकटवला.

माझ्या शाळेतली सुमन पहिलीत कविता एकदा ऐकून म्हणून दाखवायची. तिसरीत तिला कालचा पाढा आठवेना. मी तिला ढ म्हणालो — सगळ्यांसमोर, कितीदा तरी. तिची आई विचारायला आली, "गुरुजी, पानी काळं येतंय वो. पोरांना बाधत न्हाई ना?" मी भिंतीवरचा कागद दाखवला. तिला वाचता येत नव्हतं.

पुढे एका प्रशिक्षणात ऐकलं — पाण्यात मँगनीज फार असलं तर भांडी काळी पडतात, आणि लहान मुलांच्या स्मरणशक्तीवरही परिणाम होऊ शकतो. जाऊन सांगितलं? नाही. माझं खोटं उघडं पडलं असतं. मी बदली मागून घेतली.

सुमनचं पाण्यामुळेच झालं का? ठाऊक नाही. ज्यावरून कळलं असतं, ते मीच मातीत ओतलं होतं.

शेवटच्या दिवशी तिची आई भेटायला आली. म्हणाली, "लई कष्ट घेतलं तुमी. आमच्या पोरीलाच डोकं न्हाई, तुमी तरी काय करनार? आता न्हाई धाडत तिला साळंत."

मी मान हलवली — हो म्हणून. आणि गाडीला किक मारली.