बसून आलात, बसून जा

इस्माईलभाई मुकादम यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकात चार शब्द लिहावेत, असे कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाने सांगितले तेव्हा मी दोनदा टाळले. ज्याने त्यांचा अपराध केला, त्याने कोणत्या तोंडाने त्यांचा गौरव करावा? शेवटी भाईंनीच फोन करून लिहायला सांगितले.

आमची पहिली भेट अठरा वर्षांपूर्वीची. कुवेतच्या सरकारी विमान कंपनीच्या मालवाहतूक विभागात मी नवा कारकून आणि हर्णैकडचे भाई तिथले सुपरवायझर. पहिल्याच आठवड्यात मुंबईला जाणाऱ्या एका शवपेटीच्या कागदावर मी सवयीने वजन लिहिले आणि पुढे 'एक नग' असे लिहिले. भाई ओरडले नाहीत.

"नग फ्रीजला लिवतात, बाबू. ह्यो कुणाचा तरी पोरगा हाय."

मग त्यांनी जाड पेनने पेटीवर मृताचे नाव आणि गाव मराठीत लिहिले. इंग्रजी चिठ्ठी लावलेली असतेच, पण मुंबईला पेटी घ्यायला भाऊ येतो, चुलता येतो. त्यांना आपला माणूस शोधत फिरावे लागू नये, एवढाच हेतू. पुढची आठ वर्षे मी त्यांच्या हाताखाली हेच काम शिकलो. मृत हिंदू की मुसलमान, हे भाईंनी कधी विचारले नाही. गाव मात्र नेमके विचारले.

रजेवर निघालेला कुणीही भेटो, भाई त्याला एकच निरोप देत, "बसून आलास, बसूनच जा." नवख्यांना हसू येई. आमच्या विभागात पेट्या चढवलेल्यांना येत नसे.

अहमदीत तेलाच्या कामावर असलेला देवगडकडचा एक वेल्डर एका गुरुवारी पहाटे वारला. शुक्रवार-शनिवार इथली कार्यालये बंद. भाईंनी दुपारपर्यंत जाब्रियाचे रुग्णालय, वकिलात अशी धावाधाव करून कागद जमवले, पण आमचे विमान मालाने भरलेले आणि दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांत चार दिवस जागा नव्हती. त्यांच्या लेखी तो नगच होता. भाई आमच्या कुवेती साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. साहेबांनी आपल्या विमानातली अत्तराची खोकी उतरवायला लावली आणि पेटी चढली. त्या आईला मुलाचे तोंड वेळेत बघायला मिळाले.

इतक्या छोट्या, श्रीमंत देशाने स्वतःची विमान कंपनी कशाला पोसावी, हा वाद आमच्या ऑफिसात चहाइतका नेहमीचा. शेजारच्या देशांच्या बड्या कंपन्या हव्या तेवढ्या फेऱ्या करतात, मग हा पांढरा हत्ती दारात कशाला? साहेब म्हणत, परक्या विमानतळावर शेपटीवरचा आपला झेंडा दिसला की आपल्यालाही देश आहे असे वाटते. मला ते पटत नसे. भाईंचे उत्तर वेगळे होते.

"मासली आणायला भाड्याची होडी चालते. मानूस बुडाला की घरचीच होडी काढावी लागते."

पुढे माझी नियोजन विभागात बदली झाली आणि कोणत्या फेऱ्या ठेवाव्यात याचे टिपण करण्याचे काम माझ्याकडे आले. मुंबईची सकाळची फेरी तोट्यात होती. प्रवासी, माल, इंधन, सगळे मांडून ती बंद करावी असे मी लिहिले, आणि प्रामाणिकपणे लिहिले. ते मान्य झाले त्या दिवशी मी स्वतःच जाऊन भाईंना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "त्यात पेट्यांचा रकाना व्हता काय?"

नव्हता, मी म्हणालो. भाईंनी माझ्यासाठी चहा मागवला. चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते.

आता मला दोन्ही बाजू दिसतात आणि एकीचाही आधार वाटत नाही. माझे टिपण चुकलेले नाही. आणि भाईंची होडी तरी घरची कुठे होती? होडी या देशाची, आम्ही तिच्यावरचे खलाशी. ज्यांची माणसे पेटीतून जातात, त्यांना ती ठेवायची की मोडायची हे कोणी विचारत नाही, आणि विचारण्याची संधी मला मिळाली तेव्हा मीही विचारले नाही. भाईंच्या जागी आता कंत्राटदाराची माणसे येतील. कागदावर पुन्हा 'एक नग' लिहिले जाईल, आणि हे चुकले असे सांगणारे तिथे कोणी नसेल.

साठीबरोबर भाईंची नोकरी संपते आणि नोकरीबरोबर अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवानाही. पुढच्या महिन्यात ते कायमचे घरी निघत आहेत. त्यांचे तिकीट मीच काढले, दुसऱ्या कंपनीचे. आमची सकाळची फेरी तोवर बंद झालेली असेल.

भाईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, आणि हर्णैच्या बंदरावर मासळी निवडायला ते रोज स्वतःच्या पायांनी जावोत. आम्ही मागे राहिलो आहोत. आमच्यापैकी कोणाची पाळी आली तर पेटीवर गावाचे नाव कोण लिहील, ते मला ठाऊक नाही.

तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा घेतली आहे, भाई. बसून आलात, बसून जा.