हौसाआत्याची माकडशिंगी

हौसाआत्या माळावरची माकडशिंगी तोडायच्या आधी वाकून तिचा शेंडा बघायची. शेंड्याला कळी किंवा फूल दिसलं की हात मागे घ्यायची. म्हणायची, "ही गरवार हाय. हिला न्हाई तोडायची."

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आली ती कायमची. आमची वाडी औंधजवळची. वाडीमागच्या मुरमाड माळावर खडकाच्या भेगांत, काटेरी झुडपांच्या सावलीला माकडशिंगी उगवायची. वीतभर उंच, करंगळीएवढी जाड, चौधारी कांडी. पानं जवळजवळ नाहीतच, सगळा रस कांडीत. पावसाळा सरताना शेंड्याला काळपट जांभळी, झालरीसारखी केसाळ फुलं मान खाली घालून लटकायची. वाडीतल्या बायका धारा सोलून ती मिठाबरोबर कच्चीच खायच्या. मूळ कुणी उपटत नसे. आत्या सांगायची, "दोन बोटं बुडखा ठिवायचा. परत येती बिचारी."

एकदा मी हौसेने माकडशिंगीची एक कांडी डब्यात लावली आणि रोज पाणी घातलं. आठ दिवसांत ती मऊ पडून कुजली. आत्या हसली. "लय माया केलीस रं. तोडल्यावर चार दिवस तशीच ठिवायची. तुटल्याली जागा वाळली पायजे. वल्या जखमेला पाणी सोसत न्हाई."

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. साताऱ्याला वसतिगृहात राहून बी.एस्सी. करत होतो. बहात्तर साली पाऊस आला नाही, तेव्हा वडील आणि आत्या दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. कामावर सुकडी मिळायची, गूळ घातलेलं भाजलं पीठ. आत्या तिच्या वाट्याची सुकडी फडक्यात बांधून दर आठवड्याला माझ्याकडे पाठवायची. मी एकदा विचारलंही, तू काय खातेस? "मला ग्वाड चालत न्हाई आता. आन् माकडशिंगी खाल्ली की भूक मरती बग," ती म्हणाली. मला ते खरं वाटलं. आज वाटतं, मला ते खरं वाटून घ्यायचं होतं.

गणपतीनंतर आमच्या सरांनी वर्गाला वनस्पती गोळा करायला सांगितलं. नमुना मुळासकट, फुलासकट हवा, कागदात दाबून वाळवलेला. वर्गात मी सहसा बोलत नसे, पण त्या दिवशी उठून म्हणालो, "सर, आमच्या माळावर एक चांगली रसाळ वनस्पती आहे." सर खूश झाले. आम्ही वीसजण गेलो. खुरप्याने भेगा उकरल्या. फुलावरच्या झाडून सगळ्या निघाल्या, आणि मुळं बघताना बिनफुलाच्याही. आत्या कामावर होती. जागा दाखवायला पुढे मीच होतो.

पुढच्या रविवारी घरी गेलो तेव्हा आत्या उंबऱ्यात बसली होती. तिने विचारलं, "फुलावरच्या बी न्हेल्या?"

"सरांनी सांगितलं होतं."

तिने माळाकडे बघितलं. मग म्हणाली, "सरांच्या गावात पाऊस पडला आसंल." जाताना सुकडीचं फडकं मात्र हातात दिलंच.

दिवाळीच्या चार दिवस आधी आत्या खडीच्या ढिगावर बसल्या जागी कलंडली. हातोडा हातातच होता. मी पोहोचेपर्यंत तिला स्मशानात नेलं होतं. तिसऱ्या दिवशी वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "माळ मोकळा झाला, तवापासनं आक्काला भूक मारायला काय न्हवतं. तरी सुकडी तुलाच. मी भांडलो तर म्हणली, त्याला सांगू नगंस, परीक्षा हाय त्याची."

 

साताऱ्याला परतल्यावर नमुन्यांचा गठ्ठा सोडला. रसाळ झाड कागदात दाबण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवून मारावं लागतं, नाहीतर ते महिना-दोन महिने जिवंत राहतं, असं सरांनी बजावलं होतं. माझ्या हातून ते राहून गेलं होतं. बाकीचे नमुने वाळून कडकडीत झाले होते. माझी माकडशिंगी चपटी, फिकट, पण हिरवी होती, आणि शेंड्याला तांदळाएवढा नवा कोंब होता. खालच्या कागदावर, 'उपयोग' या शब्दापुढे, माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : दुष्काळात खातात.

सरांनी कागद मागितला. मी म्हणालो, "सर, ती मेलेली नाही." ते म्हणाले, "मग आता बुडव उकळत्या पाण्यात." मी बुडवली नाही. त्या नमुन्याचे गुण गेले.

रविवारी ती माळावर नेली. आमच्याच खुरप्याने उकरलेल्या एका भेगेत, बोरीच्या सावलीला, मुरूम सारून लावली. लावताना एक मूळ तुटलं, जखम ओली होती. घरून तांब्याभर पाणी नेलं होतं. ते तसंच भरलेलं परत आणलं.