सर्जेरावच्या रिक्षाचं माप

जालन्याच्या मस्तगडात सर्जेरावला सगळे 'आकांक्षाचे बाबा' म्हणत, आणि त्याला ते फार आवडे. पोरगी जर्मनीला गेली तेव्हा स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनी त्यालाच हार घातला होता. ती तिथं काय शिकते, ते त्यानं पाठ करून ठेवलं होतं. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांतून मिथेन नावाचा वायू निसटतो. तो त्यांच्या देशात किती, आपल्या देशात किती, आणि वर्षागणिक वाढतो की घटतो, हे ती मोजायची.

रिक्षा गॅसवर केली तीही तिच्याच सांगण्यावरून. "बाबा, पेट्रोलचा धूर तुमच्याच छातीत जातो," असं ती कॉलेजात असताना म्हणाली होती. त्यानं ऐकलं. पंपावर उन्हातान्हात रांगा लावल्या. सकाळी त्याच रिक्षात गल्लीतली लेकरं दाटीवाटीनं शाळेला जात.

पहिल्या सुट्टीत आकांक्षा आली ती एक यंत्र घेऊन. जालन्यातल्या बऱ्याच गाड्या मोजायच्या होत्या, सुरुवात घरापासून केली. सीटखालच्या टाकीजवळ तिनं यंत्राची नळी धरली, आकडे पाहिले, फोटो काढले.

"बराबर हाय ना?" सर्जेरावनं विचारलं.

"ठीक आहे बाबा," ती म्हणाली आणि नळी गुंडाळू लागली.

ती परत गेली आणि उन्हाळ्यात रिक्षात वास यायला लागला. राधेश्याम मिस्त्रीनं वरवर पाहिलं. "गॅसच्या गाडीला वास येनारच काका, बिलकुल टेन्शन घेऊ नका." लेकरांची डोकी दुखू लागली. गल्लीतल्या नंदाबाईची नात तर शाळेच्या फाटकाशी उतरली की ओकायची. आया विचारायला आल्या, तर सर्जेराव छाती पुढं काढून सांगे, "माझ्या पोरीनं जर्मनीच्या यंत्रानं तपासलीय. काही न्हाई झालेलं."

नंदाबाईनं मग भर गल्लीत तोंड सोडलं. "लेकरं हायेत ती, बकऱ्या न्हाईत! ठिवा तुमची रिक्षा तुमच्यापाशी." तिच्यामागोमाग एकेकानं पोरं काढून घेतली. सकाळी दप्तरं अडकवून दुसऱ्याच्या रिक्षाकडं पळणारी लेकरं दिसली की सर्जेराव उगाच काच पुसत बसे.

दुसऱ्या वर्षी आकांक्षा आली, पुन्हा नळी धरली आणि लगेच म्हणाली, "टाकीचा जोड गळतोय. आजच बदलून घ्या." राधेश्यामनं उभ्या उभ्या जोड बदलला, वास गेला. सर्जेराव बायकोला म्हणाला, "गिरिजा, पोरगी वेळेवर आली बघ, न्हाईतर कुठं भडका झाला असता!"

मग एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मोठ्या सभेत तिनं भाषण केलं होतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती हौसेनं एकेक चित्र दाखवत होती. एक रेष जर्मनीची, खाली उतरलेली. एक आपली, वर चढलेली. मग सर्जेरावची रिक्षा आली, नंबरासकट. तिच्याशेजारी दोन खांब होते, एक बुटका, एक त्याच्या दुप्पट.

"हे दोन काय?"

"पहिल्या वर्षीची गळती, आणि दुसऱ्या वर्षीची."

सर्जेरावनं मोबाइल गिरिजाबाईच्या हातातून घेतला. "पहिल्या वर्षी बी गळत व्हती?"

"थोडी होती, बाबा."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"जोड बदलला असता तर पुढच्या वर्षीचं माप मिळालं नसतं. दुरुस्त न करता गळती किती वाढते, तेच बघायचं होतं."

"अन् तिकडल्या गाड्यांचं? तिथं बी असंच गप ऱ्हायले तुम्ही?"

"तिथं नियम आहे. गळती सापडली की मालकाला लगेच कळवावं लागतं."

"अन् इथं?"

"इथल्यासाठी तसं काही लिहिलेलं नव्हतं." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "एवढं वाढंल असं वाटलं न्हाई हो बाबा."

"लेकरं बसत व्हती तिच्यात, आकांक्षा. तू रोज पाहत व्हती त्यांना."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. गिरिजाबाई म्हणाली, "अवो, जाऊ द्या, परक्या मुलखात एकटी हाय ती." सर्जेरावनं मोबाइल तिच्या हातात दिला आणि चपला घातल्या.

नंदाबाई दारात तूर पाखडत बसली होती. तो उभ्यानंच म्हणाला, "तुमचं खरं व्हतं. जोड गळत व्हता. नातीला माझ्यामुळं त्रास झाला."

नंदाबाईचं सूप थांबलं. "मंग तुमच्या पोरीच्या यंत्रात दिसलं न्हाई का?"

सर्जेराव वाकला, सुपाबाहेर पडलेला तुरीचा दाणा उचलून त्यानं सुपात टाकला.

"यंत्र खराब व्हतं," तो म्हणाला.

"असंल," नंदाबाई म्हणाली, आणि पुन्हा तूर पाखडू लागली. तिचा काही त्या बोलण्यावर विश्वास बसला नव्हता.