औटरपाशी दिसणारा हात

सिंदीहून नागपूरला रोज पॅसेंजरनं जाणारा माणूस धुतलेला शर्ट घालून निघे आणि डोळ्यांत कोळशाचे कण घेऊन पोचे. नागपूर तेव्हा राजधानी होती आणि मी तिथल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. बाबांना सिंदी सोडवत नव्हती, म्हणून हा रोजचा जाच. लोक म्हणत, डब्यातली दोस्ती काही औरच. असेल. चार जणांच्या गुडघ्यांवर चादर ताणून पत्ते कुटण्यात मला काडीचा रस नव्हता, पण न खेळून करतो काय? समोर वर्ध्याहून नागपूरला ये-जा करणारे पोस्टातले काका बसत आणि त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

बाबांना लकवा झाला आणि त्या गाडीवर माझा जीव जडला. आमचं घर नागपूरहून येताना स्टेशनच्या अलीकडे, रुळांना लागून. मागच्या अंगणात निंबाखाली बाबांची बाज असे. औटर सिग्नलपाशी गाडी हळू झाली की ती खिडकीतून स्पष्ट दिसे. अंगावर गोधडी, डोळ्यांवर ऊन नको म्हणून तोंडावर उपरणं. त्यांचं डावं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. गाडीचा आवाज आला की ते उजवा हात वर करत आणि मी खिडकीतून हात हलवी. धडधाकट होते तोवर आम्ही बापलेक कधी दोन शब्द धड बोललो नव्हतो. आता रोज संध्याकाळी एवढं बोलणं होई.

हात दिसेपर्यंत माझं पत्त्यांत लक्ष नसे. हुकूम कोणता हेही आठवत नसे. मग काकाच म्हणत, "दिसला तुह्या बाबाचा हात. टाक आता पत्ता."

सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावा हात हलू लागला तर आशा आहे. आम्ही त्या आशेला धरून बसलो. बायको रोज तेल कोमट करून तो हात चोळायची. ती डावखुरी. विहिरीवर दोर ओढताना, भाकर थापताना डावाच हात पुढे. सासरी आली तेव्हा बाबांनी त्यावरून तिला पुष्कळ टोकलं होतं. तोच डावा हात आता त्यांचा डावा हात चोळत होता. महिने गेले, बोटसुद्धा हललं नाही. मी मात्र रोज घरी आलो की पहिलं तेच विचारायचो आणि ती मान हलवून आत जायची.

मध्येच एकदा भलतंच झालं. गाडी औटरला आली आणि पाहतो तर बाज भिंतीशी उभी! आमच्याकडे माणूस गेलं की त्याची बाज उभी करतात. मला पुढचं काही सुचलं नाही. मी दार उघडून चालत्या गाडीतून उडी टाकली. खडीवर आपटलो, गुडघा फुटला, चाक हातभर अंतरावरून गेलं. लंगडत अंगणात शिरलो तर बायको बाजेवर उकळतं पाणी ओतत होती. ढेकूण झाले होते. बाबा आत चटईवर पडून माझ्या रक्ताकडे बघत होते. त्या रात्री बायको जेवली नाही. "तुमी गाडीखाली गेले असते तर मी काय केलं असतं?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कचेरीत साहेबाची बोलणी खाऊन मी वैतागून गाडीत बसलो होतो. औटर आला. बाज जागेवर होती, गोधडी होती, तोंडावर उपरणं होतं. आणि हात वर आला. डावा.

मी पत्ते फेकून दिले. "डावा उचलला! काका, डावा हात उचलला बाबांनी!" मी ओरडतच होतो. सारा डबा खिडक्यांना लागला. काकांचे डोळे भरून आले. घरी न्यायला घेतलेला पेढ्यांचा पुडा त्यांनी माझ्या हातात कोंबला. "पह्यले बाबाले भरवजो," म्हणाले.

स्टेशनावर उतरून मी रुळाकाठच्या पायवाटेनं पळतच निघालो. खरं सांगतो, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. पुढच्या ओट्यावर शेजारचे बरेच लोक बसले होते. मला वाटलं, बातमी कळून आले. मी पुडा सोडून त्यांच्यापुढे धरला. कुणी हात पुढे केला नाही. एक म्हातारा उठला आणि त्यानं पुडा हळूच माझ्या हातून काढून घेतला.

बायको दारात उभी होती. तिच्या केसांना गोधडीचा कापूस लागला होता.

"बाबा दुपारीच गेले," ती म्हणाली. "तार केली असती तर तुमची कचेरी सुटल्यावर पोचली असती. बाज रिकामी दिसली तर तुमी पुन्हा उडी मारान, म्हून..." मग म्हणाली, "मीच निजली होती. घाईत हा हात वर झाला. मले ध्यानातच नाई आलं."

सासऱ्यासमोर जी कधी बसली नाही, ती त्यांच्या बाजेवर, त्यांची गोधडी घेऊन, त्यांचं उपरणं तोंडावर ओढून निजली होती. "मले रागवा," असं ती म्हणत होती. मला राग आला नाही. तिनं डावा हात पदराखाली घेतला आणि मला वाट दिली.

आत सारवलेल्या जमिनीवर बाबांना ठेवलं होतं. मी आधी त्यांचा डावा हात हातात घेतला. मग उजवा घेतला. दोन्ही आता सारखेच थंड होते.